आरतीच्या ओळी चिकटतात, तारे दिसतात, अक्षरं किडतात: नोट्सची वेबपानं दर चतुर्थीला का बिघडतात

मंडळी, हे लिहायचं तीन वर्षं मनात होतं, पण चतुर्थी आटोपली की मी विसरतो आणि पुढच्या श्रावणात परत तेच रडगाणं. फोंड्याजवळ आमच्या वाड्यावर घुमट आरतीचा (घुमट म्हणजे मातीचं तालवाद्य) ग्रूप आहे, वीस-बावीस जण, त्यातले निम्मे आता नोकरीपायी वास्को, पणजी, पुण्याला. त्यामुळे आरत्यांचे शब्द, कुठल्या घरी किती वाजता, माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट) सामानाची यादी, शामेळ कोण वाजवणार, सगळं एका सामायिक नोटमध्ये असतं, मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातच तारे, डॅश अशा खुणा करून, कारण फोनवरून कोणालाही लिहिता येतं आणि काही इन्स्टॉल करावं लागत नाही. त्या नोटची साधी वेबपानं करायची आणि लिंक व्हॉट्सॲपवर टाकायची एवढंच काम. रात्री बारा वाजता सातव्या घरी माटोळीखाली उभं राहून फोनवर शब्द वाचता आले पाहिजेत, बाकी काही नको.

आणि दर वर्षी पान टाकलं की दहा मिनिटांत काकांचा मेसेज येतो, "हें कितें जालें रे, सगळें एकाच वळीन!"

मग मी काय करायचो, तर तयार झालेल्या पानात घुसून हाताने ओळी तोडायचो. चाळीस आरत्या, प्रत्येकीत पाच-सहा कडवी. रात्री दोन वाजता काम व्हायचं आणि सकाळी कोणीतरी नोटमध्ये एक शब्द सुधारायचा की पान परत तयार करावं लागायचं आणि माझी सगळी तोडफोड वाहून जायची. हा मूर्खपणा मी दोन वर्षं केलाय म्हणून सांगतो, तयार पानाला हात लावू नका. पान हे शेवटचं टोक, बिघाड तिथे दिसतो पण होतो आधी कुठेतरी. एक तर नोटमध्ये, नाहीतर नोटचं पान करणाऱ्या कमांडमध्ये, नाहीतर पानाच्या साच्यात. तिन्हीपैकी कुठे हे ओळखलं की काम पाच मिनिटांचं असतं.

एक सांगून ठेवतो, मी पान करायला पॅनडॉक हा मार्कडाउनचं वेबपान करून देणारा प्रोग्राम वापरतो, आणि इथे ऑप्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायची.

ओळी का चिकटतात ते आधी, कारण ऐंशी टक्के शिव्या मी त्यासाठीच खाल्ल्यात. मार्कडाउनमध्ये एकदा एंटर मारला तर ती नवी ओळ धरली जात नाही, नुसती एक जागा सुटते. परिच्छेद तोडायचा तर मध्ये रिकामी ओळ हवी. गद्य लिहिणाऱ्याला हे सोयीचं आहे, आरतीवाल्याला नाही, कारण कडव्यातल्या चार ओळींची एक लांब शेपटी होते आणि टाळ कुठे घ्यायचा तेच कळत नाही. नियमाप्रमाणे ओळ तोडायची असेल तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्यायच्या. आता हे फोनवर करून बघा. दोन स्पेस मारल्या की कीबोर्ड आपणहून पूर्णविराम टाकतो! आमच्या भाच्याने मोठ्या निष्ठेने सगळ्या आरत्यांना दोन-दोन स्पेस दिल्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी टिंब आलं, काका म्हणाले हे इंग्रजी आरत्या कधीपासून म्हणायला लागलो आपण. लॅपटॉपवर द्याव्यात तर काही एडिटर सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस पुसून टाकतात, आणि त्या डोळ्याला दिसत नसल्यामुळे गेल्या हेही कळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे ओळीच्या शेवटी उलटा स्लॅश, तो चालतो, पण फोनच्या कीबोर्डवर तो तिसऱ्या पडद्यात लपलेला असतो आणि पंचावन्न वर्षांच्या माणसाला तो शोधायला लावणं हे पाप आहे.

पण मला खरा घोळ वेगळाच वाटायचा, नोटच्या ॲपमध्ये प्रिव्ह्यू बघितला तर ओळी व्यवस्थित सुट्या दिसतात. म्हणून लिहिणारा म्हणतो माझं बरोबर आहे, आणि मी म्हणतो माझंही बरोबर आहे, आणि दोघंही खरे असतो. कारण मार्कडाउन ही एक बोली नाहीच. जॉन ग्रूबरने २००४ मध्ये ते काढलं तेव्हा नियम बरेच सैल होते, मग प्रत्येक ॲपने स्वतःच्या सोयीने अर्थ लावला, २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाने नीट नियम लिहिले गेले पण तोवर ज्याच्या त्याच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या. म्हणजे पेडण्याची कोंकणी आणि काणकोणची कोंकणी, एकमेकांचं कळतं, पण मध्येच एखादा शब्द असा येतो की दोघं एकमेकांकडे बघत राहतात. आमच्या नोटचं ॲप एंटरला नवी ओळ मानतं, पॅनडॉक मानत नाही. गंमत म्हणजे पॅनडॉक लिहिणारे जॉन मॅकफार्लेन, जे बर्कलेला तत्त्वज्ञान शिकवतात, तेच कॉमनमार्क लिहिणाऱ्यांतही होते, आणि तरी पॅनडॉकची डिफॉल्ट बोली स्वतःची वेगळीच आहे.

तर इलाज हा की नोट ज्या बोलीत लिहिली जाते ती बोली पॅनडॉकला सांगायची. कमांडमध्ये इनपुटचा फॉरमॅट देताना नुसतं मार्कडाउन न म्हणता जीएफएम (गिटहबची मार्कडाउन बोली) लिहायचं, आणि त्याला अधिकचं चिन्ह लावून हार्ड-लाइन-ब्रेक्स हे एक्स्टेन्शन जोडायचं, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर. बस. त्या एका शब्दाने चाळीस आरत्या सुट्या झाल्या, एकाही ओळीला हात न लावता. मी त्या रात्री खुर्चीत पाच मिनिटं नुसता बसून राहिलो, दोन वर्षांच्या जागरणाचा हिशोब करत.

पॅनडॉकमध्ये कवितेसाठी आणखी एक सोय आहे, ओळीच्या सुरुवातीला उभी दांडी आणि स्पेस दिली की ओळ तशीच राहते, सुरुवातीची मोकळी जागासुद्धा. छान आहे, पण ती पॅनडॉकच्या स्वतःच्या बोलीतच चालते, नोटच्या प्रिव्ह्यूत सगळीकडे नुसत्या दांड्या दिसतात आणि ग्रूपमधलं कोणीतरी "साफ" करायला म्हणून त्या काढून टाकतं. आम्ही नाद सोडला.

जीएफएम लिहिल्याचा आणखी एक फायदा झाला जो मी मागितलाही नव्हता. पॅनडॉकच्या डिफॉल्ट बोलीत यादीच्या आणि शीर्षकाच्या आधी रिकामी ओळ लागतेच, नाहीतर यादी वरच्या वाक्यात विरघळते आणि मध्ये मध्ये नुसत्या आडव्या रेघा दिसतात. प्रिव्ह्यूत मात्र यादी नीट. आता दोन्हीकडे सारखं.

कडव्यांच्या बाबतीत अजून दोन खड्डे आहेत. आमच्याकडे आरती संपली की खाली पाच-सहा डॅश मारून रेघ ओढायची सवय, वहीत ओढतात तशी. पण मजकुराच्या लगेच खाली डॅशची ओळ आली की मार्कडाउन समजतं की वरचा मजकूर शीर्षक आहे, आणि शेवटचं अख्खं कडवं भल्या मोठ्या जाड अक्षरांत येतं, जणू पंचायतीचा बोर्ड. डॅशच्या आधी एक रिकामी ओळ सोडली की ती साधी रेघ होते. दुसरं म्हणजे धृपदाची ओळ आत सरकवायला काही जण चार-सहा स्पेस देतात. रिकाम्या ओळीनंतर चार स्पेस आल्या की मार्कडाउनच्या लेखी तो कॉम्प्युटरचा कोड, मग राखाडी चौकटीत टंकलेखन यंत्रासारखी अक्षरं आणि फोनवर ओळ उजवीकडे पडद्याबाहेर. धृपदासाठी आम्ही ओळीच्या सुरुवातीला मोठेपणाचं चिन्ह > देतो, ते अवतरणासारखं थोडं आत जातं, ते पुरतं.

आता यादी. माटोळीची यादी ही आमच्याकडे भांडणाचा विषय, नारळ किती, सुपारीचा घोस कोणाच्या कुळागरातून, चिबूड मिळाला की नाही, केळ्यांचा घड कोण आणणार. ती यादी वहिनींनी लिहिली, १. २. ३. करून, मराठी आकड्यांत, शुद्ध. पानावर यादी झालीच नाही. मी स्पेस तपासल्या, टिंबं तपासली, शेवटी नियम वाचला तर क्रमांकाच्या यादीसाठी मार्कडाउन फक्त 0 ते 9 हे आकडे ओळखतं, आपले देवनागरी आकडे त्याला साधी अक्षरं वाटतात. वहिनींचं काही चुकलं नव्हतं. पण पुढची मजा ऐका, पुढच्या वर्षी भाच्याने वरच्या तीन वस्तू 1. 2. 3. अशा लिहिल्या आणि वहिनींनी खाली ४. ५. ६. जोडल्या, तर पानावर तीनच वस्तू आणि उरलेल्या सगळ्या तिसऱ्या वस्तूच्या पोटात. तीन नंबरला चिबूड होता. त्यामुळे यादी वाचून जो बाजारात गेला त्याला वाटलं केळ्यांचा घड आणि सुपारी हे सगळं चिबडाबरोबर एकाच माणसाकडून यायचंय. घड चतुर्थीच्या आदल्या रात्री म्हापशाहून आणावा लागला, भाव काय लागला ते विचारू नका.

इलाज सोपा आणि सुंदर आहे. लिहिताना 1. 2. 3. लिहायचं, किंवा सगळ्या ओळींना नुसतं 1. लिहिलं तरी चालतं, क्रम आपोआप लागतो. आणि पानाच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या नियमांत, क्रमांकी यादीच्या लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी असं मूल्य द्यायचं. हो, खरंच त्याच नावाचं मूल्य आहे, ब्राउझरमध्ये आधीपासून. पानावर १. २. ३. दिसतं. वहिनी खूश.

ह्याचाच उलटा प्रकार आमच्या ग्रूपच्या इतिहासाच्या पानावर झाला. कोणीतरी इंग्रजी आकड्यांत परिच्छेद सुरू केला, 1961. गोवा मुक्त झाला त्या वर्षी वगैरे, आणि खालचा परिच्छेद 1987. घटक राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा वगैरे. आकडा, टिंब, स्पेस, म्हणजे मार्कडाउनला वाटली यादी. पहिल्या आकड्यापासून सुरुवात करून पुढचे आकडे ते स्वतः मोजतं, म्हणून पानावर गोवा १९६१ ला मुक्त झाला आणि १९६२ ला राज्य झाला! पंचवीस वर्षं वाचली म्हणायची. "1961 साली" असं लिहा, किंवा टिंबाच्या आधी उलटा स्लॅश द्या. किंवा साल मराठी आकड्यांत लिहा, इथे मात्र त्याचा फायदाच आहे.

ताऱ्यांचं प्रकरण व्हॉट्सॲपमुळे. तिथे एक तारा म्हणजे ठळक, मार्कडाउनमध्ये एक तारा म्हणजे तिरकं आणि दोन तारे म्हणजे ठळक. ग्रूपवरचे मेसेज कॉपी करून नोटमध्ये चिकटवले की जे जे ठळक होतं ते तिरकं होतं, आणि देवनागरी तिरकं बघवत नाही, आपल्या लिपीत तशी परंपराच नाही, ब्राउझर बिचारा सरळ अक्षर ढकलून वाकवतो. मी सीएसएसमध्ये तिरक्याला सरळ करून वर किंचित रंग दिलाय, म्हणजे कोणी चुकलं तरी डोळ्याला त्रास नाही. आणि व्हॉट्सॲपवरून येणारा तो जाड गोल ठिपका, त्याला मार्कडाउन यादी मानत नाही, डॅश किंवा तारा किंवा अधिकचं चिन्हच हवं.

पण मराठीत ताऱ्यांचा एक खास आपला प्रॉब्लेम आहे, तो आपल्या प्रत्ययांमुळे, आणि ह्याने मला सगळ्यात जास्त छळलं. **शामेळ**वाल्याने असं लिहिलं तर बरोबर ठळक होतं. पण **'शामेळ'**वाल्याने असं लिहिलं की तारे जसेच्या तसे पानावर. का, तर बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह असेल आणि लगेच नंतर अक्षर असेल तर कॉमनमार्कचा नियम त्यांना बंद करणारे तारे मानतच नाही. इंग्रजीत अवतरणानंतर बहुतेक वेळा स्पेस येते, म्हणून त्यांना हे क्वचित खटकतं, आपण मात्र प्रत्येक शब्दाला ला, ने, ची, च्या चिकटवतो. कंसाचंही तेच, **आरती (मोठी)**ला म्हटलं की गेलं. अवतरण ताऱ्यांच्या बाहेर काढायचं, '**शामेळ**'वाल्याने, की चालतं. कंसाचं वाक्यच बदलायचं. आणि तिरकं करायला अंडरस्कोर वापरत असाल तर त्याला शब्दाच्या मधे अजिबात जागा नाही, _शामेळ_वाल्याने मध्ये अंडरस्कोर तसेच दिसणार, विरामचिन्ह असो नसो. अंडरस्कोर बंदच केले आम्ही.

मग एक वर्ष असं झालं की पुण्यातल्या एकाला पान उघडल्यावर आरतीऐवजी किडे दिसले. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्या शेजारी चार शिंगं फुटलेलं गोल चिन्ह, आणि हेच पुन्हा पुन्हा, पानभर. आम्हाला सगळ्यांना नीट दिसतंय, त्याला एकट्यालाच नाही. हा नमुना ओळखून ठेवा, रोमन ए आणि शिंगवालं गोल म्हणजे मजकूर धड आहे, फक्त ब्राउझरने तो चुकीच्या संकेतात वाचला. यूटीएफ-८ ह्या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, ब्राउझर ते तीन वेगळी अक्षरं समजून दाखवतो. पानाच्या डोक्यात चारसेट (अक्षरांचा संकेत) यूटीएफ-८ आहे असं सांगणारी मेटा ओळ नसेल तर ब्राउझर अंदाज बांधतो, कोणाचा लागतो कोणाचा नाही. ती ओळ पानाच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये हवी, म्हणजे डोक्यात सगळ्यात वरच ठेवा.

आमच्या पानात ती नव्हती कारण पॅनडॉक आपणहून पूर्ण पान देतच नाही, नुसता मधला तुकडा देतो, डोकं नाही. पूर्ण पान हवं तर स्टँडअलोनवाला ऑप्शन द्यायचा, डॅश आणि छोटा एस. भाच्याने तो काढला होता, "फालतू कोड येतो" म्हणून, आणि तुकडा स्वतःच्या जुन्या साच्यात चिकटवला होता. त्या फालतू कोडमध्येच चारसेट होतं आणि व्ह्यूपोर्टही होता. व्ह्यूपोर्टची ओळ नसली की फोन समजतो हे मोठ्या पडद्याचं पान आहे, आणि सगळं मुंगीएवढं करून दाखवतो, चिमटीने मोठं करत बसायचं, एका हातात झांज. तर तो ऑप्शन परत आला आणि एकाच वेळी दोन तक्रारी मिटल्या.

किड्यांऐवजी सरळ प्रश्नचिन्हं दिसत असतील, ????? अशी, तर मात्र वाईट बातमी. तिथे मजकूर खरंच गेला. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल अन्सी ह्या जुन्या संकेतात सेव्ह झाली की देवनागरी पुसून प्रश्नचिन्हं लिहिली जातात, परत आणता येत नाहीत, सामायिक नोटच्या जुन्या आवृत्तीतूनच उचलावं लागतं. २०१९ च्या विंडोज १० अपडेटनंतर नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं, पण आमच्या वाड्यावर त्याहून जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे आणि प्रिंटर नेमका त्यालाच जोडलेला आहे.

तिसरा प्रकार, मजकूर रोमन अक्षरांत अर्थहीन दिसतो पण त्यात ए आणि शिंगवालं गोल नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ती जुनी डीटीपीची फाइल, शिवाजी फॉन्टच्या जमान्यातली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या आरतीच्या पुस्तिकेवरून कोणीतरी कॉपी केलेलं असतं. तो मजकूर युनिकोड (आज सगळीकडे चालणारा अक्षरसंकेत) नाहीच, फॉन्ट होता तोवर मराठी दिसत होता. कन्व्हर्टरमधून काढा आणि मग एक माणूस बसवून वाचून घ्या, ऱ्हस्व वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात. आम्ही ते काम काकांना दिलं, त्यांना शब्द पाठ आहेत.

वाचायला सोपं करण्याचं मी थोडक्यात सांगतो कारण ह्यात फार करण्यासारखं नाही, जेवढं कमी तेवढं बरं. मजकुराची रुंदी साधारण ३६ एम (अक्षराच्या आकाराच्या छत्तीसपट), ओळींमधलं अंतर १.७, कारण आपल्याकडे वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या १.४ मध्ये ते एकमेकांत अडकतात. अक्षर १८ पिक्सेलच्या खाली नको. दोन्ही कडा सरळ करायच्या नादी लागू नका, मराठी शब्द लांब असतात, फोनच्या अरुंद पडद्यावर मध्ये खिंडारं पडतात. फॉन्ट वेगळा डाउनलोड करायला लावू नका, पावसात आमच्याकडे रेंज किती असते माहिती आहे, अँड्रॉइडमध्ये नोटो आणि विंडोजमध्ये निर्मला असतोच. आणि भाच्याच्या त्या जुन्या साच्यात शीर्षकाला लेटर-स्पेसिंग होतं, अक्षरं सुटी सुटी करायचं, इंग्रजीत ते छान दिसत असेल, आपल्याकडे शिरोरेघेचे तुकडे पडतात, दात पडल्यासारखं दिसतं. शून्य करा.

पानाला भाषा सांगायला विसरू नका, मेटाडेटात लँग म्हणून मराठीसाठी एम आर, कोंकणी पान असेल तर के ओ के. हे नुसतं कागदी काम नाही. फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी सांगितल्यावर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. आणि वाचून दाखवणारं ॲप आवाज त्यावरूनच निवडतं, आमच्याकडे एकांना दिसत नाही, ते ऐकून पाठ करतात.

बारीकसारीक गोष्टी घाईत सांगतो. हॅशच्या पुढे स्पेस देऊनही शीर्षक होत नसेल तर ती स्पेस पुसून परत टाइप करा, वेबवरून किंवा वर्डमधून चिकटवलेली स्पेस कधी कधी न तुटणारी असते, दिसते सारखी पण मार्कडाउनला चालत नाही. आयफोनवर लागोपाठ डॅश टाइप केले की त्यांचा लांब डॅश होतो, ते स्मार्ट पंक्चुएशन सेटिंगमधून बंद होतं. फोटो तुमच्याकडे दिसतो आणि सर्व्हरवर नाही, तर नावातलं मोठं-लहान रोमन अक्षर बघा, विंडोज फरक करत नाही, लिनक्स करतो. आणि फाइलचं नाव मराठीत ठेवू नका. मला स्वतःला ठेवायला आवडलं असतं, पण लिंकमध्ये प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात, ग्रामसभा ह्या चार अक्षरी शब्दाची बहात्तर. व्हॉट्सॲपवर ती लिंक बघून लोकांना वाटतं व्हायरस आहे.

आताची पद्धत अशी आहे. नोट जशी आहे तशी उतरवायची, एकच कमांड चालवायची, जीएफएम अधिक हार्ड-लाइन-ब्रेक्स, स्टँडअलोन, भाषा, शीर्षक आणि आमची तीस ओळींची सीएसएस, आणि तयार पान सगळ्यात आधी काकांच्या फोनवर उघडायचं, माझ्या नाही. त्यांचा फोन सगळ्यात जुना आणि चष्मा सगळ्यात जाड. काही चुकलं तर नोट सुधारायची किंवा सीएसएस, पान नाही. गेल्या चतुर्थीला चार वेळा पानं परत केली, चारही वेळा मिळून दहा मिनिटं लागली असतील.

एक गोष्ट मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही. काका पानावर "दुसऱ्या" शोधतात आणि अर्ध्याच जागा सापडतात. तो ऱ तीन तऱ्हेने टाइप होतो, एक सबंध ऱ, एक र ला खाली नुक्ता देऊन, आणि एक र ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जोडक घालून. दिसायला तिन्ही अगदी एक. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी ह्या प्रमाण रूपात आणले की एकत्र येतात, तिसरा येत नाही, तो वेगळा शोधून बदलावा लागतो. मी पान करायच्या आधी चालणारी एक बदलाची ओळ लिहिली आहे, र, हलंत, जोडक दिसला की ऱ आणि हलंत टाक. ती नोटमधल्या मजकुरावर चालते. पण काका शोधायला टाइप करतात त्यांच्या फोनच्या कीबोर्डवरून, आणि तो नेमका तिसऱ्या तऱ्हेचा ऱ देतो. सध्या त्यांना "दुस" एवढंच टाइप करायला सांगितलंय.